दोन गुण कमी

“भूक आहे मला. नाश्ता करूनच आलेय,” पोट धरून बसलेली मुलगी म्हणाली, आणि डॉक्टरांनी कागदावर त्या ओळीपुढे शून्य लिहिलं.

मोठ्या सिस्टर सलाइन लावता लावता ऐकत होत्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी याच वॉर्डात काढली होती. खोटं बोलणारा चेहरा त्यांना लगेच कळे.

डॉक्टर नवे, पण कामाला चोख. अपेंडिक्सचा संशय आला की लक्षणांना गुण द्यायचे. उजवीकडे खाली दाबलं की दुखतं, त्याचे दोन, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्याचे दोन, मळमळीचा एक. भूक मेलेली नाही आणि दुखणं जागचं हललेलं नाही, असं मुलगी म्हणाली, म्हणून त्या दोन ओळींपुढे शून्य. बेरीज पाच. पाचाला लगेच चाकू लावायचा नाही आणि घरीही सोडायचं नाही. ठेवून घेऊन पुन्हा तपासायचं. मुलीने मात्र घरी जायचाच धोशा लावला होता.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले तशा सिस्टर स्टूल ओढून बसल्या. घरी कोण असतं, एवढंच त्यांनी विचारलं. मुलगी घडाघडा बोलली. ती बेकरीत कामाला होती. वडील लकवा होऊन अंथरुणाला खिळलेले. दुपारी त्यांना भरवायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

“आणि नाश्ता?”

“कालपासून पाण्याशिवाय काही उतरलं नाही. आधी बेंबीपाशी दुखत होतं, मग इकडे सरकलं. सांगितलं असतं तर तुम्ही ठेवून घेतलं असतं.”

“ते आतल्या आत फुटलं, तर जन्मभर कोण भरवेल त्यांना?” सिस्टरांनी हात पुढे केला. “घराची किल्ली दे. दोनला माझी ड्युटी संपते.”

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. दोन शून्यांचे दोन एक झाले. बेरीज सात. डॉक्टरांनी तिथूनच सर्जनना फोन लावला. तासाभरात मुलगी टेबलावर होती. अपेंडिक्स टम्म सुजलेलं होतं, पण फुटलं नव्हतं.

“पुढच्या वेळी बेरजेआधी तुम्हालाच विचारतो,” डॉक्टर ओशाळून म्हणाले.

“मला कशाला? पेशंटलाच दोनदा विचारा.”

अडीचला मुलीच्या घरी सिस्टरांनी तिच्या म्हाताऱ्या वडिलांना सगळं सांगितलं, चार घास भरवले. जड जिभेने ते म्हणाले, “फोटो... पाठवा तिला.”

सिस्टरांनी फोन काढला. म्हाताऱ्यांनी मानेनेच थांबवलं आणि चालत्या हाताने सदऱ्याचं वरचं बटण लावायला घेतलं. दोनदा निसटलं. सिस्टर मदतीला पुढे झाल्या नाहीत. फोन धरून उभ्या राहिल्या.