कन्नड आणि बिडकीनचा तह

बिडकीनच्या वकिलाला दारात ताटकळत ठेवून मल्हाररावांनी आधी चहा घेतला. डोक्यावर पिसांची टोपी, हातात गुंडाळलेला खलिता, आणि टॅबलेटच्या काचेमागं तो पापणीही न हलवता उभा होता. त्याला ‘स्वीकार’ किंवा ‘नकार’ यांपैकी काहीतरी हवं होतं आणि ते मिळेपर्यंत त्या राज्यात सूर्य मावळणार नव्हता.

हा खेळ त्यांना गयासभाईंनी शिकवला. गयासभाई कुंपणभिंतीपलीकडच्या इमारतीत राहत. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. मल्हारराव पाटबंधारे खात्यातून, गयासभाई एका कारखान्याच्या स्टोअरमधून. सुरुवातीला भिंतीवर दोन बाजूंनी कोपरं टेकून गप्पा झाल्या. दोघं राहत त्या गारखेड्यात पूर्वी कुठं कुठं शेतं होती, हे सगळं सांगून संपलं तेव्हा गयासभाईंनी टॅबलेट काढला. राज्याला नाव द्या म्हटल्यावर दोघांनाही आपापलं गावच आठवलं. त्यामुळं कन्नडकडं गहू आणि हत्ती आले, बिडकीनला लोखंड आणि समुद्रकिनारा मिळाला. दोघं रोज आपापल्या घरून एकेक चाल खेळत.

पहिल्याच महिन्यात मल्हाररावांनी शेजारच्या एका राजाशी केलेला करार मधूनच मोडला. तो राजा संगणकाचा होता, पण बाकीच्या संगणकी राजांनी त्यांना दगाबाज ठरवलं आणि कन्नडला मीठसुद्धा कुणी विकेना. गयासभाई भिंतीवर डोकं टेकवून हसले.

“करार तोडायचा नाय, मल्हारराव. मुदत संपू द्यायची. मंग नवा नाय केला तर कुणी काय म्हणत नाय. बदनामी बी नाय, झगडा बी नाय.”

“आन् कुणी फुकटच काही द्यायला लागला तर?”

“तर पहिले सरहद्द बघायची.”

मल्हाररावांना हे अगदीच नवं नव्हतं. त्यांचे वडील पुंजाराम मेंढरं घेऊन घाट उतरत. रात्री मेंढरं शेतात बसवायची. खत शेतकऱ्याला, धान्य मेंढपाळाला. या व्यापाराला कागद नव्हता. निघताना पुंजाराम मेंढरांभोवतीच्या जाळीची एक खुंटी शेतकऱ्याच्या घरी ठेवत. खुंटी घरात आहे तोवर पुढच्या साली येणं पक्कं. ज्याला पुढं नको असे तो भांडत नसे. तो खुंटी धुऊन परत आणून देई आणि त्या दिवशी धान्याचं माप काठाच्या वर शीग लावून भरे. पुंजाराम खुंटी हातात घेत, पण घेताना वर बघत नसत.

गेल्या उन्हाळ्यात गयासभाईंच्या इमारतीची बोअर आटली. मल्हाररावांच्या सोसायटीची चालू होती आणि मल्हारराव सोसायटीचे सचिव होते. दोघांनी भिंतीवरच ठरवलं. सकाळी तासभर सोसायटीचा पाइप पलीकडं जाईल. वीज गेली की त्यांचं जनरेटर इकडची लिफ्ट चालवील. पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत, मग बसून बघू. खेळातल्यासारखं झालं म्हणून दोघं हसलेही.

पण पुढं पाऊस आलाच नाही. शहर मात्र थांबलं नव्हतं. जिकडंतिकडं नव्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. इथं नळ आठवड्यानं यायचा, तोही कुणी आजारी पाहुणा आल्यासारखा. सोसायटीची बैठक गच्चीवर भरली.

“आपलीच बोअर किती टिकंल त्याचा भरवसा नाय,” रामप्रसाद म्हणाला. “त्यांचं ते बघतील.”

‘त्यांचं’ या शब्दावर त्यानं जो भार दिला तो सगळ्यांना ऐकू गेला आणि सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये पाहिलं. पलीकडच्या त्या इमारतीत रामप्रसादचे सख्खे साडू राहत होते. पण त्या संध्याकाळी साडूही ‘त्यां’च्यात गेले.

पाणी बंद करायचा ठराव झाला. सांगायचं कुणी, यावर सगळे मल्हाररावांकडं बघू लागले.

“सांगायचं काय त्यात,” मल्हारराव म्हणाले. “मुदत पाडव्याला संपते. नवी करायची नाय, झालं.”

याला म्हणतात डोकं, असं रामप्रसाद म्हणाला. ती शाबासकी घेऊन मल्हारराव जिना उतरले आणि त्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॉल्व्ह उघडला नाही. गॅलरीत वाळत घातलेल्या लुगड्याआडून त्यांनी पाहिलं, गयासभाई पाइपच्या तोंडाशी बराच वेळ उभे होते. मग टाकीचं झाकण नीट लावून ते आत गेले. बदनामी झाली नाही. झगडाही झाला नाही. गयासभाईंचं भिंतीपाशी येणं तेवढं थांबलं. खेळातली त्यांची चाल मात्र रोज येत राहिली.

आणि आज हा वकील. बिडकीन आपलं सगळं लोखंड कन्नडला देऊ करत होतं. बदल्यात काय हवं, तो चौकोन रिकामा होता. मल्हाररावांनी चष्मा पुसून पाहिलं. रिकामाच होता.

त्यांनी सरहद्द बघितली. खिंडीत पहिल्या दिवसापासून गयासभाईंचे तिरंदाज असत. तिथं आता कुणी नव्हतं. सगळे आत, तळी खोदायला लावलेले दिसले. तेवढ्यात त्यांचा स्वतःचा प्रधान काचेवर उगवला.

‘महाराज, शेजारी दुर्बळ आहे. हल्ल्यास ही उत्तम वेळ.’

त्यांनी प्रधानाला मिटवलं. तो पुन्हा आला. खेळातल्या प्रधानाला कंटाळा नसतो.

“पाण्याची मोटार लावायची का विचारत होते रामप्रसादभाऊजी,” त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग भांड्यांचा आवाज थांबला. “गयासभाईंची सून दिसली टँकरपाशी. आफरीन. हसली माझ्याकडं बघून. थांबली नाय पण.”

मल्हाररावांनी वकिलाला तसंच उभं ठेवलं आणि खिळ्यावरची मोटारीची किल्ली घेतली.

“कुठं?”

“व्हॉल्व्ह बघून येतो.”

रत्नमालाबाई दारापर्यंत आल्या. “चप्पल घाला. फरशी तापलीय.”

खाली कुणी नव्हतं. रामप्रसादच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला, पण मल्हारराव थांबले नाहीत. मोटार सुरू करून ते भिंतीकडं गेले. आज तासभर नाही, टाकी भरेपर्यंत सोडायचं, हे त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. गच्चीवर काय सांगायचं तेही थोडंफार जुळवलं होतं.

व्हॉल्व्हवर हात गेला आणि थांबला.

पलीकडं उतरलेला पाइप आता पलीकडं नव्हता. त्याची सैल गुंडाळी भिंतीवर ठेवलेली होती, सुतळीनं दोन ठिकाणी बांधलेली. वर्षभराचा चिखल जाऊन त्याच्यावरची पिवळी रेघ दिसू लागली होती. बादल्या मोजून वापरणाऱ्या घरानं तो धुतला होता. तोंडात धूळ जाऊ नये म्हणून स्वच्छ फडकं गच्च बांधलं होतं.

समोरच्या गॅलरीत कुणीतरी येऊन उभं राहिलं. कठड्यावर कोपरं टेकल्याचा ओळखीचा, हलकासा आवाज झाला.

मल्हाररावांनी दोन्ही हातांनी पाइप उतरवून घेतला. घेताना वर बघितलं नाही.