रस्त्याचा पडदा बेलबॉटम झाला

मी सोनईच्या नाटकमंडळाचा रस्त्याचा पडदा बोलतोय. माझ्यासारखा पडदा पुण्या-मुंबईतसुद्धा नव्हता. आता पुणं-मुंबई मी पाहिलेली नाही, ती गोष्ट वेगळी. लांबात लांब मी राहात्याला गेलो, तोही बैलगाडीतून, बांबूला गुंडाळलेला, तोंड आत.

दरबार संपून मागचं सामान हलवायचं असलं की मला खाली सोडत. माझ्यापुढं दोन पात्रं टवाळ्या करीत, मागं सिंहासन पळत असे. लोक त्यांना हसत, मला वाटे मलाच हसतात. स्वतःहून मी कधी वीतभरही हललो नाही. ओढलं की वर, सोडलं की खाली. गावातल्या बऱ्याच नवऱ्यांचं असंच चालतं, म्हणून मी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

मला रंगवलं पुंजारामनं. त्याचा मूळ धंदा घोडेगावच्या बाजारात बैलांची शिंगं रंगवायचा. त्यामुळं माझी झाडंसुद्धा वर जाऊन आत वळलेली. दोन दुकानं, एक दिव्याचा खांब, एक छत्रीवाला आणि एक बाई. बाई म्हणजे त्याचीच बायको, छबूबाई. दुसरी काढली असती तर भाकर मिळाली नसती.

दर जत्रेआधी पुंजाराम माझ्यावर नवा हात फिरवी. छबूबाई शेजारी बसून रंग चिकटायला त्यात सरस ढवळी आणि मधेच म्हणे, "अवं, नगरच्या बायका आता असल्या लांब बाह्या घालीत न्हाईत. वर घ्या."

"तुला कुनी सांगितलं?"

"बाजारात पाहिल्या. डोळं हायेत मला."

की बाही वर जाई. फुग्याची आली तेव्हा फुगा आला, मग तोही फुटला. नऊवारीची पाचवारी झाली, अंबाड्याची वेणी झाली. छत्रीवाल्याचं पागोटं जाऊन टोपी आली, टोपी जाऊन भांग आला. छबूबाईच्या स्वतःच्या अंगावर मात्र तेच फाटलेलं, दंड घालून जोडलेलं लुगडं आणि तीच खणाची चोळी. बाईनं जन्माची फॅशन केली ती माझ्या अंगावर. तिच्या बाह्यांचे इतके थर साचले की त्या जागी मी पत्र्यासारखा वाजायचो.

मग पुंजाराम वारला. शेवटची बाही दंडाला घट्ट होती, ती तशीच राहिली.

दुष्काळाच्या साली जत्रेला वर्गणीच जमली नाही. त्यात पाटलांचा रंगनाथ पुण्याला शिकून आला. केस कानांवर, आणि विजार अशी की खाली दोन कोंबड्या झाकाव्यात. मंडळाला म्हणाला, "पडदेबिडदे आता जुने झाले. नाटक लोकांच्या मधोमध करायचं, दिवसाउजेडी. भिंत, दार, विहीर समदं नटांनीच व्हायचं. आन सगळ्यांना एकसारख्या बेलबॉटम, साध्या जाड कापडाच्या."

"कापड कुठंय?" गहिनीनाथ शिंप्यानं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पळून जावंसं वाटलं, पण पायाच्या नावानं माझ्याकडं एक बांबू.

छबूबाईला कळलं तशी ती आली. "कापा, पर बाई तेवढी मला काढून द्या."

"देतो, मावशी," रंगनाथ म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पण रंगावर खडू उमटेना, म्हणून गहिनीनाथानं मला पालथा घातला आणि कोऱ्या बाजूनं आखून कात्री चालवली. शिवतानाही रंग आत, साधी बाजू बाहेर. बाई कुठं होती हे उलटून बघितल्यावर कळलं. तोंड आणि बाही कानिफनाथ नावाच्या नटाच्या डाव्या पायाला, वेणी दुसऱ्या नटाच्या, कारभारीच्या बुडावर. पालथ्या माणसाला ओरडता येत नाही, मी तर कापड. तेव्हापासून, जिथं छबूबाईचं रंगवलेलं तोंड तिथं मी, असं धरून चाला.

जत्रेच्या दिवशी शाळेच्या मैदानात खेळ. वाळक्या रंगाच्या खपल्या मांड्यांना टोचायला लागल्या, नट उभ्या जागी नाचायला लागले. रंगनाथ नारळ फोडायला गेला तेवढ्यात सगळ्यांनी विजारी उलट्या करून घातल्या.

कारभारी वाकून विहीर झाला. मागून कुणीतरी विचारलं, "किती परस खोलावर पानी लागलं रं?" हशा ओसरला तशी एक म्हातारी कानिफनाथच्या पायाकडं बघत म्हणाली, "अगं बया, ही तर आपल्या पडद्यातली बाई."

संपलं नाटक. लोकांनी रस्ता जुळवायला घेतला. "कानिफ्या, डावीकडं सरक." "कारभारी, विहीर राहू दे, उठ. येनी जुळंना." "ते दुकान मागं घ्या." नटांना जन्माची सवय, लोक म्हणतील तसं करायची. ओळीनं उभे राहिले. फटी होत्या, पण रस्ता झाला, टाळ्या पडल्या. रंगनाथ कपाळाला हात लावून खाली बसला.

छबूबाई एकटी हसली नाही. उठून कानिफनाथपाशी आली. "विजार काढ."

काढली त्यानं. आत पट्ट्यांची चड्डी होती म्हणून गावाची अब्रू राहिली.

तिनं तो पाय उसवला आणि मला मोरीला आडोसा म्हणून टांगलं. शेजारीण हळहळली तर म्हणाली, "नुसतं बघत बसायला मी पाटलीन हाय व्हय?" आंघोळीच्या शिंतोड्यांनी रंग सुटतो. बाईच्या एका डोळ्याचं काजळ गालावर आलंय. गावात पाणी नाही म्हणून मी टिकलोय. पाऊस चांगला झाला तर मी गेलो. आता तुम्हीच सांगा, मी देवाकडं काय मागावं? त्यापेक्षा छबूबाईलाच सांगावं, मला कोरड्या जागी हलव. पण माझं तोंड रंगवलेलं, उघडत नाही.

काल रंगनाथ आला. "मावशी, राहात्याला खेळ ठरलाय. तिथंबी लोक रस्ताच मागत्यात. मी आता शेवटाला रस्ता जुळवायचा असंच बसवलंय. तेवढी बाई द्या."

माझा जीव वरखाली. जावं तर परत पायाला, राहावं तर मोरीला. विचारतं कोण?

छबूबाईनं बाहीवरून अंगठा फिरवला, सावकाश.

"ने की. पर असली बाही आता नगरला कुनी घालीत न्हाई. बदलनारा कुठून आननार हाईस?"