गुडघ्याच्या तेलाची जाहिरात

कस्तुराबाई गेल्याची बातमी नांदेडच्या दवाखान्यातून हदगावला आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि शेजारच्या पारूबाईच्या टीव्हीवर कस्तुराबाईच बोलत होत्या. पारूबाईला बातमी खरी वाटेना. "आत्ता तर बोलून राहिली की ती!" म्हणाली, मग टीव्ही बंद करून रडत बसली.

जाहिरात गुडघेदुखीच्या तेलाची होती. चार वर्षांपूर्वी लातूरच्या कंपनीनं गाडी पाठवून नवराबायकोला बोलावून घेतलं होतं. शूटिंग करणारा रामलिंग म्हणाला, "काकू, तेल कुणी आणून दिलं, नावानिशी सांगा."

"ह्यांचं नाव? असंच कसं घेऊ?"

"मग कसं घेता?"

कस्तुराबाईंनी पदर सावरला आणि कॅमेऱ्यासमोर उखाणाच घेतला:

"हदगावच्या बाजारात घेतली तेलाची बाटली,
बसवंतरावांनी तेल चोळलं अन् गुडघेदुखी हटली."

सगळे हसले. रामलिंगनं ते तसंच ठेवलं.

बसवंतरावांनी तोवर त्या तेलाला हातही लावला नव्हता. परतताना ते म्हणाले, "खोटं कशाला बोलली?"

"आता सगळं गाव बघणार हाय. खोटं पडू देऊ नका."

पारावर त्यांचा दोस्त मारोती रोज छेडायचा, "काय बसवंतराव, आमचेबी गुडघे चोळता का?"

"आधी उखाणा घे," ते म्हणायचे.

पण त्या दिवसापासून जेवणं झाली की ते वाटीत तेल कोमट करून बसायचे. आधी डावा गुडघा, तो जास्त दुखायचा. दुखणं काही पुरतं गेलं नाही. चोळताना ती गावभरच्या गोष्टी सांगायची, ते "हाव, हाव" म्हणत हुंकार द्यायचे. चार वर्षं असं चाललं.

तेरावं झाल्यावर बसवंतराव रोज अकराला टीव्हीसमोर बसू लागले. जाहिरात अर्ध्या तासाची, तिचं बोलणं दोन मिनिटांचं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांचं नाव एकदा लग्नात घेतलं होतं आणि एकदा इथं.

मग रामलिंगचा फोन आला. दरवर्षी यायचा. "काकू बऱ्या हायत ना? त्यांचा होकार आला की जाहिरात पुढं चालू ठेवतो."

"ती नायगावला गेली, लेकीकडं."

"मग आल्यावर फोन करायला लावा. घाई न्हाई."

नायगावची लेक उज्वला तेव्हा इथंच होती. तिनं ऐकलं.

"अप्पा, खरं सांगून टाका. मेलेल्या माणसाच्या तोंडानं तेल विकून राहिले ते."

"सांगितलं की बंद करतील."

"करू द्या की."

"तुला काय. तुझं नाव ती रोज घेत होती."

उज्वला उठली. तिनं चहा ठेवला.

त्याला आता महिना झाला. जाहिरात अजून लागते. रामलिंगला फोन करायचा राहिला आहे.