वरवंट्याची कावीळ

परातीतलं पाणी पिवळं झालं, तशा अंगणातल्या बायका वाकून बघू लागल्या.

बारा दिवसांच्या मुलीचा हात सोनाजी महाराजाच्या बोटांत होता. तळव्याला त्याने बाटलीतलं तपकिरी औषध चोळलं आणि वरून तांब्यातलं मंत्राचं पाणी सोडलं. पडताना ते स्वच्छ होतं, परातीत आलं ते हळदीसारखं.

"हे तिसरं धुणं," महाराज म्हणाला. "आता दुसऱ्या तांब्यातलं पाणी सोडतो. ते साफ पडलं की कावीळ गेली. मग खुशाल नाव ठेवा. दवाखान्यात काय करत्यात? निळ्या लाईटखाली उघडं निजवत्यात. लेकरू हाय का कोंबडीचं पिल्लू?"

बायका हसल्या. बारशाची तयारी झालेली होती. पाळण्याखालून द्यायचा वरवंटा कुंची घालून, काजळाची तीट लावून तयार होता.

मुलीचे डोळे चौथ्या दिवशी पिवळे दिसले. पिवळेपणा वाढला तर लगेच आणा, असं दवाखान्याने घरी सोडताना बजावलं होतं. आजी पुतळाबाईंनी तिला नेलं वेरूळच्या रस्त्यावर, महाराजाच्या पत्र्याच्या शेडात. पाचव्या दिवशी धुणं, आठव्या दिवशी धुणं. दोन्ही वेळा पाणी पिवळं पडलं, म्हणजे रोग बाहेर निघतोय असं सगळ्यांनी धरलं.

"लई गुणी लेकरू," पुतळाबाई बायकांना सांगत होत्या. "कालपासून रडलं बी नाय."

"आत्याबाई, दूध बी ओढत नाय ती," दारातून मुलीची आई मेघा म्हणाली.

"तू आत बस. बाळंतिणीनं वाऱ्यात यिऊ नाय."

तेवढ्यात वस्तीतल्या आशा कार्यकर्त्या सुकेशनी आल्या. सातव्या दिवशी त्या येऊन गेल्या होत्या. तेव्हा बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, बल्बच्या उजेडात, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांना दाखवलं गेलं. त्यांनी वजन लिहिलं आणि त्या निघाल्या. त्या उजेडात कातडीचा रंग कळला नाही, हे त्यांना अजून खुपतं.

आज ऊन होतं. त्यांनी मुलीच्या तळपायावर बोट दाबून उचललं. दाबल्या जागची कातडीही पिवळी होती. टिचकी मारली तरी मूल जागं होईना.

"भारतभाऊ, रिक्षा आणा. आत्ताच्या आत्ता."

बाप औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात कामाला. तो आपल्या आईकडे, पुतळाबाईंकडे वळला.

"एक पाणी राहिलंय," पुतळाबाई म्हणाल्या. "अर्ध्यात सोडलं तर उलटतं म्हणत्यात."

सुकेशनींनी वाद घातला नाही. पाळण्याजवळचा वरवंटा उचलून महाराजापुढे धरला.

"मग आधी ह्याला धुवा."

"दगडाला काय रोग असतो का बाई?"

"नाय ना? मग पाणी साफ पडंल."

महाराजाचा हात पिशवीकडे गेला. भारतने त्याआधीच बाटली उचलली. कुंची काढली, वरवंट्याला औषध चोळलं आणि पहिला तांब्या वाकवला.

पाणी पिवळं पडलं.

पुतळाबाईंनी बाटली ओढून घेतली, स्वतःच्या तळहातावर ओतली, पाणी सोडलं. पिवळं.

"मला बी कावीळ झाली म्हणायची," त्या हळू म्हणाल्या.

"देवाची थट्टा अंगावर यील," म्हणत महाराज उठला. त्याला कुणी अडवलं नाही. भारत रिक्षासाठी धावला होता.

बाटलीत आंब्याच्या सालीचा अर्क होता, तांब्यात चुन्याची निवळी. ही दोन एकत्र आली की पिवळा रंग येतो. हात माणसाचा असो वा दगड असो. दुसऱ्या तांब्यात साधं पाणी होतं. नवजात बाळांची कावीळ बहुतेकदा सौम्य असते आणि काही दिवसांत आपोआप उतरते. महाराजाचं नाव झालं ते या बाळांच्या जिवावर. ज्यांची उतरली नाही, त्यांचे आईबाप शेडाकडे परत फिरकले नाहीत.

दवाखान्यात मुलीचं रक्त बदललं. तीन दिवस ती निळ्या दिव्याखाली होती. ती वाचली. पण काविळीचं विष मेंदूपर्यंत गेलं होतं. पाचव्या दिवशी आणली असती तर नुसता दिवा पुरला असता, असं डॉक्टर म्हणाले.

बारसं झालं नाही. केसपेपरवर नाव लागतं म्हणून मेघाने राजनंदिनी सांगितलं.

ती आता पाच महिन्यांची आहे. पुतळाबाई रोज तिच्या डोक्यामागे खुळखुळा वाजवतात. ती मान वळवत नाही.

वस्तीत कुणाकडे बाळ घरी आलं की पुतळाबाई जातात. महाराजाबद्दल बोलत नाहीत. फक्त म्हणतात, "लेकरू उजेडात आणा. पायापर्यंत पिवळं हाय का बघा. दूध ओढत नसंल, नुसतं निजून असंल, तर त्याला गुणी म्हणू नका. दवाखान्यात न्या."