पूजेतली पक्कड

खंडेनवमीच्या दिवशी धुळ्यातल्या हिलालभाऊंच्या दुकानात अवजारांना सुट्टी असते. माणसांना नसते.

पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या त्या दुकानात पाने, पक्कड, हातोड्या सकाळीच पाटावर जाऊन बसल्या होत्या. कोकिळाअक्कांनी, म्हणजे हिलालभाऊंच्या थोरल्या बहिणीने, एकेकाला कुंकू लावलं. पक्कडीचा तर जबडा उघडून आतसुद्धा लावलं. पूजेतलं अवजार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा घरचा कायदा.

नेमकं त्याच दिवशी हिलालभाऊंच्या मुलाला, प्रेमराजला, थर्माकोलच्या विमानात मोटार बसवायची होती. दसऱ्याला साक्रीच्या माळावर ते उडवायचं, असं तो गावभर सांगून बसला होता.

मोटारीसोबतच्या कागदावर पहिलीच सूचना होती: आधी पंखा काढा. पंख्याचा नट पान्याशिवाय निघत नव्हता आणि पाना झेंडूच्या हाराखाली होता. प्रेमराजने आबांकडे, म्हणजे हिलालभाऊंकडे, पाहिलं. आबा म्हणाले, पंखा फिरवायचाच नाही, मग काढायचा कशाला? या घरात एवढं तर्कशास्त्र पुरे असे.

आबांची सवय अशी, की मोटार तळहाताला लावल्याशिवाय ती त्यांना कळत नसे. त्यांनी विमान मांडीवर घेतलं आणि पंख्यामागच्या अरुंद फटीत बाजूने बोटं घालून मोटार धरली. पातं बाजूला होतं म्हणून बोटं आत गेली. बाहेर काढताना मात्र पेरं वाकवावीच लागणार, म्हणजे ती पात्यांच्या वाटेत येणार.

रिमोट जुन्या बाजारातला. त्याची वेग कमी-जास्त करायची कांडी इतकी सैल, की सोडली की आपोआप खाली पडायची. मोटारीला रिमोटची ओळख पटावी म्हणून प्रेमराजने कागदाप्रमाणे कांडी वर धरली आणि बॅटरी जोडली. पिन इतकी घट्ट, की दोघांनी मिळून दाबावी लागली. मोटारीने बीप दिला. आता कांडी खाली, म्हणजे शून्य.

त्याने कांडी खाली आणली, आणि पंखा गरजला.

पाटावरचे हार उडाले. आबांच्या बोटांपुढे पात्यांची एक धुरकट थाळी तयार झाली.

"खाले कर!" आबा म्हणाले, अगदी हळू. हललं तर संपलं, हे त्यांना कळलं होतं.

प्रेमराजने कांडी आणखी खाली रेटली. खाली जागाच नव्हती. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की आधीच्या मालकाने रिमोट उलटा करून ठेवला असावा. वर म्हणजे बंद. खरं असेल तर आबा वाचतील, नसेल तर आपण बापाच्या बोटांवर वेग वाढवतोय. त्याने डोळे मिटून कांडी वर ढकलली.

पंखा थांबला, नेमका आबांच्या करंगळीला टेकून. बोटं बाहेर काढायला आता फटही उरली नव्हती, आणि मोटार जिवंत असताना पात्याला हात लावायची सोय नव्हती.

"रिमोट बंद कर," आबा.

"बंद केल्यावर मोटार काय करीन, ते ठाऊक नाही."

प्रेमराजच्या अंगठ्याला घाम सुटला. पिन ओढायला दोन हात हवेत, आणि अक्कांचे हात पंख्याजवळ कुणीच जाऊ देणार नव्हतं. बॅटरीची लाल वायर लांबून तोडता आली असती. त्याने अक्कांकडे पक्कड मागितली.

अक्कांनी पाटाकडे पाहिलं, भावाच्या बोटांकडे पाहिलं, आणि बराच विचार केला. हे फार वाईट होतं, कारण अंगठा घसरत होता.

"पक्कड उचलानी नही," त्या म्हणाल्या. "इमान इकडं आणा."

मग मिरवणूक निघाली. आबा विमान पोटाशी धरून गुडघ्यांवर सरकत होते, प्रेमराज कांडी वर धरून श्वास न घेता मागे. पाटापाशी आबांनी विमानाचं नाक खाली झुकवलं आणि लोंबणारी लाल वायर पडल्या पक्कडीच्या कुंकवाने भरलेल्या जबड्यात सोडली. अक्कांनी पक्कड जागची न हलवता दोन्ही हातांनी मुठी दाबल्या. लांबून पाहणाऱ्याला नमस्कार वाटला असता.

कट.

प्रेमराजचा अंगठा सुटला. कांडी खाली पडली. पंखा हलला नाही. मग आबांनी डाव्या हाताने पातं बाजूला फिरवलं आणि एकेक बोट बाहेर काढलं.

अक्कांनी विमान पाटावर ठेवलं, पंख्याला कुंकू लावलं, हार घातला.

"आते दसरा लगून कोणी हात लावानं नही."

कुणी लावणारच नव्हतं.