आईचं ‘दाफ्के’

आई वृद्धाश्रमात गेली तर काल्मनचा फायदा उघड होता. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि न्यूयॉर्कच्या बरो पार्क या ज्यू वस्तीत आईच्या दोन खोल्यांसारखी जागा शोधूनही मिळत नव्हती. तो मात्र प्रत्येक वाक्याला ‘तिच्याच भल्यासाठी’ जोडत होता.

अडचण एकच. पक्षाघातानंतर आईकडे एकच शब्द उरला होता.

“आई, न्यू जर्सीतल्या त्या आश्रमात जाशील ना?” काल्मनने खाटेशी वाकून विचारलं.

“दाफ्के.”

“ऐकलंस?” तो बहिणीकडे वळला. “म्हणजे नेमकं तिथंच. शब्द मुळात अरामी, आपल्या ताल्मूद ग्रंथात पानोपानी आहे. हेच, दुसरं नाही.”

“ताल्मूद तुझ्या शाळेत शिकव,” हिंदे म्हणाली. “या घरात दाफ्के म्हणजे मुद्दाम, समोरच्याची जिरवायला. बाबांनी खिडकी उघडली की ही दाफ्के लावायची. ती तुला नाही म्हणतेय.”

“शब्दाला मूळ अर्थ असतो, हिंदे.”

“आणि आईला स्वभाव असतो.”

असं तासभर चाललं. लग्न झालेल्या ज्यू बायका घालतात ते केसांचे टोप दिवसभर घरी गिऱ्हाइकांसाठी धुऊन विंचरून हिंदेचे हात दुखत होते, आता डोकंही दुखू लागलं. शेवटी वैतागून तिनेच विचारलं, “आई, माझ्याकडे येतेस?”

“दाफ्के,” आई म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

काल्मन खुलला. “बघ, तुझी जिरवतेय. नाही म्हणाली.”

“छे. आता ताल्मूदमधला अर्थ. नेमकं माझ्याकडेच.”

“मघाशी तर म्हणालीस...”

“मघाशी तूही काहीतरी म्हणालास.”

काल्मनने दाढीत बोटं फिरवत खोलीभर नजर टाकली. आश्रम काय, हिंदेचं घर काय, खोल्या रिकाम्या व्हायच्या त्या होणारच होत्या.

“बरं बाई,” तो मोठ्या मनाने म्हणाला. “मूळ अर्थच धरू. तुझाच शब्द खरा.”

जिंकल्याचा आनंद हिंदेला जिन्यापर्यंत पुरला.

मुलाला जागा मिळाली, काल्मनची व्याह्यांसमोर मान ताठ राहिली, आईला हिंदेची खाट मिळाली. हिंदेने टोप चढवायची कापडी डोकी बाहेरच्या खोलीतून उचलून न्हाणीघरातल्या टबात मांडली आणि आखूड सोफ्यावर आपली उशी ठेवली.