चोवीस खुणा

डोळे तपासायच्या खोलीत बाई सकाळी साडेनऊला यायच्या, पंखा लावायच्या, तक्त्यामागचा दिवा लागतोय ना ते बघायच्या आणि मग टेबलाशी बसून एक काम उरकून टाकायच्या. खरं तर ते असं उरकायचं काम नव्हतं. गाडी चालवणाऱ्यांच्या तपासणीचा जो फॉर्म होता, त्याच्या तळाशी एक ओळ होती : 'तपासणाऱ्याचा उमेदवाराशी संबंध – आहे / नाही'. लागू नसेल ते खोडायचं. दिवसाला तीस ड्रायव्हर यायचे. तीस वेळा तेच खोडत कोण बसणार? म्हणून बाई सकाळीच सगळा गठ्ठा पुढ्यात ओढायच्या आणि पट्टी लावून प्रत्येक फॉर्मवरचा 'आहे' खोडून ठेवायच्या. अठरा वर्षांत त्यावर कुणी ब्रसुद्धा काढला नव्हता. शेजारच्या खोलीतले सर मात्र माणूस समोर बसला, त्याची चौकशी झाली, की मगच पट्टी हातात घ्यायचे. एका माणसाला त्यांना पाऊण तास लागायचा. सगळे त्यांना कासवसर म्हणत, तेही तोंडावर, आणि ते 'ओ' देत.

त्या दिवशी अकराव्या नंबरचा माणूस आत आला आणि दाराशीच अंग चोरून उभा राहिला. बाईंनी त्याच्या कार्डावरचं नाव वाचलं आणि परत एकदा वाचलं. ते नाव त्यांना पाठ होतं. वीस महिन्यांपूर्वी एका बसखाली त्यांचा धाकटा भाऊ सायकलसकट गेला होता. ती बस हा माणूस चालवत होता.

त्याने बाईंना ओळखायचं काही कारण नव्हतं. चौकशीला त्या गेल्याच नव्हत्या, त्यांचे यजमान गेले होते. चौकशीचा कागद मात्र बाईंनी इतक्या वेळा वाचला होता की घड्यांवर तो फाटला होता. सायकलस्वार गल्लीतून अचानक मोठ्या रस्त्यावर आला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, ड्रायव्हरची चूक नाही. बाईंना यातलं अक्षरही पटलं नव्हतं. त्यांनी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं की या माणसाला दिसलंच नाही. याचे डोळे गेलेले होते आणि कुठल्या तरी अशाच खोलीत कुणीतरी डोळेझाक करून याला पास केलं होतं. हे मानलं की रात्री झोप यायची. नाही मानलं तर दुसरी एक गोष्ट वर यायची.

ती गोष्ट अशी, की त्या सकाळी बाईंनीच भावाला फोन केला होता. "येताना बादली घेऊन ये. मोठी, जाडशी. विसरलास तर दार उघडणार नाही." तो हमखास विसरायचा, म्हणून असं दमात घ्यावं लागायचं. लहानपणी हा पोरगा डोक्यावर पातेलं घालून घरभर मिरवायचा, तेव्हापासून त्याचं नाव 'राजे' पडलं ते चाळिशीपर्यंत टिकलं. कामाच्या ठिकाणचे लोकसुद्धा त्याला राजे म्हणत. अपघातानंतर त्याच्या वस्तू परत मिळाल्या : घड्याळ, पाकीट, एक बूट. बादली नव्हती. त्यामुळे बाईंना कळेना, की तो नेहमीसारखा विसरला, की बादलीसाठीच वाकडी वाट करून त्या गल्लीत शिरला. दोन्हींपैकी काय खरं निघालेलं बरं हेही त्यांना ठरवता येत नव्हतं.

संबंध असेल तर नियम साधा होता. उठायचं, त्या माणसाला कासवसरांकडे पाठवायचं, बस. ऊठ, ऊठ, असं बाईंचं डोकं सांगत होतं आणि तोंडाने त्या म्हणाल्या, "बसा."

भिंतीवरचा तक्ता अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता यावा असा होता. तीन दात्यांची एकच खूण, चोवीस वेळा, वर मोठी आणि खाली लहान होत गेलेली. दाते वर आहेत, खाली आहेत, डावीकडे की उजवीकडे, एवढंच बोटाने दाखवायचं. ड्रायव्हरने पहिलीच खूण चुकवली. दुसरी चुकवली. शेवटची ओळ बरेच जण चुकतात, पण हा वरची, विटेएवढी खूणसुद्धा चुकवत होता. बाई पट्टी फिरवत गेल्या, तो बोट दाखवत गेला आणि बाईंना आनंद व्हायला लागला. लाज वाटावी असा आनंद. बघा, मी म्हणत होते ना, बघा! घरी जाऊन यजमानांना काय काय सांगायचं तेसुद्धा त्यांनी मनात जुळवून ठेवलं.

मग त्या फॉर्म भरायला बसल्या. 'बरोबर खुणा' या चौकटीत त्यांनी शून्य लिहिलं आणि त्यांचं पेन थांबलं.

शून्य कसं येईल?

अठरा वर्षं हेच काम केलेल्या बाईला ते न कळणं शक्य नव्हतं. कितीही नको वाटलं तरी ते कळलंच. त्यांनी त्याचं जुनं कार्ड उलटून पाहिलं. अपघाताच्या दोन महिने आधीची तपासणी, दोन्ही डोळे उत्तम, आणि खाली कासवसरांची सही. पाऊण तास लावून केलेली.

'अपात्र' लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. समोरच्याला तेच हवं होतं आणि त्यांनाही तेच हवं होतं. वीस महिने मनाशी धरलेल्या गोष्टीवर सरकारी शिक्का बसला असता. फक्त ते खोटं होतं आणि जुन्या सहीपायी ते निस्तरायला भिंतीपलीकडच्या बापड्या कासवसरांना लागलं असतं.

"तुम्हाला सगळं दिसतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "काही न दिसणाऱ्याने अंदाजाने बोट दाखवलं तरी चारात एखादी बरोबर येते. चोवीसच्या चोवीस चुकवायच्या तर प्रत्येक खूण नीट दिसावी लागते."

ड्रायव्हरने मग जे सांगितलं ते मोडकंतोडकं होतं. अपघातापासून तो डेपोत सुट्या भागांच्या खोलीत काम करत होता. आता माणसं कमी पडतात म्हणून त्याला परत गाडीवर घालायचं ठरलं होतं. नुसतं सीटवर बसलं तरी त्याचे पाय लटपटत. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, होईल सवय. बायको म्हणाली, निर्दोष सुटलात ना, मग आता कसलं भ्यायचं.

"डोळे गेले म्हटलं की कुणी वाद घालत नाही, मॅडम. लिहा ना अपात्र. तुमचं काय जातंय?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचा प्रश्न फॉर्मवर नव्हता आणि तो विचारायचा त्यांना अधिकारही नव्हता.

"त्या दिवशी तो माणूस तुम्हाला दिसला नव्हता का?"

"दिसला," तो म्हणाला. "चांगला दिसला. न दिसता तर बरं झालं असतं. डोळे मिटले की अजून दिसतो." त्याने दोन्ही हात कपाळाशी नेले. "डोक्यावर बादली होती त्याच्या. लाल. उलटी, टोपीसारखी घातलेली. सायकलवर धरायची कुठे, म्हणून घातली असणार. ती सारखी डोळ्यांवर येत होती. एका हाताने वर सारत तो गल्लीतून बाहेर आला. हसत होता, मॅडम. मी ब्रेकवर उभाच राहिलो होतो."

"हे चौकशीत नाहीये," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तिथल्या तिथे सुटलो असतो. पण त्याच्या घरचे कुणी समोर बसले होते. बादली म्हटल्यावर त्या खोलीत एखादा तरी हसला असता." तो थांबला. "गेलेल्या माणसाला हसलेलं मला बघवलं नसतं. बादली मीच उचलून एका दुकानाच्या पायरीवर ठेवली. नंतर बघतो तर ती कुणीतरी नेलेली."

बाईंना हसू आलं. खरंखुरं, नाकातून फुटलेलं हसू. बादली घातलेला राजे त्यांना अगदी स्वच्छ दिसला आणि दुसऱ्याच क्षणी त्या पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागल्या. वीस महिन्यांत त्या अशा रडल्या नव्हत्या. ड्रायव्हर घाबरून उभा राहिला.

"तो माझा भाऊ," बाई म्हणाल्या. "बादली मीच सांगितली होती आणायला."

त्याने माफी मागितली नाही, की नशिबाच्या गोष्टी केल्या नाहीत. तो एवढंच म्हणाला, "मोठी होती. चांगली जाड."

बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि भरलेला फॉर्म फाडून टाकला. दुसरा घ्यायला गठ्ठ्याकडे हात नेला. त्यावरचे सगळेच 'आहे' सकाळीच खोडलेले. त्यांनी खण उघडून कोरा फॉर्म काढला, त्याचं नाव घातलं आणि खालच्या ओळीवर पट्टी ठेवून 'नाही' खोडलं.

"संबंध असला की माझी तपासणी रद्द होते," त्या म्हणाल्या. "शेजारी जायचं. तिथे खुणा खऱ्या दाखवायच्या. आणि भीती वाटते, पाय लटपटतात, तेही तुमच्या तोंडानेच सांगायचं. त्या सरांना घाई नसते. ते ऐकून घेतात, डॉक्टरांकडे पाठवायला लावतील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मी बाहेर बाकावर बसते."

त्या त्याच्याबरोबर गेल्या. कासवसरांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला आणि तळापर्यंत सावकाश वाचला. मग चष्म्यावरून बाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. संबंध आहे हे कळल्यावर उमेदवाराला खुर्चीत बसवायचंच नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि आपल्याला याचा जाब द्यावा लागणार हे बाईंनाही माहीत होतं. पण सरांनी तसलं काही विचारलं नाही.

"संबंध काय लिहू?" त्यांनी विचारलं.

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"माझ्या भावाला शेवटचं यांनी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "हसताना."